मागाच्या आवाजात

"तुम्ही आता एकटे आहात का?"

प्रशिक्षणात घोटून घेतलेला हा पहिला प्रश्न. फोनवर समोरचा माणूस दिसत नाही, त्याच्या शेजारी कोण बसलंय तेही कळत नाही, म्हणून विषयाला हात घालण्याआधी एवढं विचारून घ्यायचं. मी आयुष्यातला पहिला समुपदेशनाचा फोन लावला, घसा खाकरला आणि छापील कागदावरचं वाक्य जसंच्या तसं वाचलं.

पलीकडे नुसता खडखडाट. मग एक आवाज म्हणाला, "व्हय मॅडम. आजी गेल्यापास्नं. सहा वर्सं झाली."

कागदावर पुढचं वाक्य होतं, 'छान, मग आपण मोकळेपणानं बोलू शकतो.' ते मी वाचलं. हो, वाचलंच. ओळीवर बोट ठेवून वाचत होते, बोट पुढच्या ओळीवर गेलं, तोंडही त्याच्यामागे गेलं. फोन ठेवल्यावर मी पाच मिनिटं टेबलाकडे बघत बसले. आमच्या ताई, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्या, शेजारच्या खोलीतून आल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या दिवशी माझं याहून वाईट झालं होतं." काय झालं होतं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेत वाढलेली. एमएसडब्ल्यू झाले तेव्हा आमचं फिल्डवर्क वीटभट्टीवरच्या मुलांसोबत होतं. एचआयव्हीबद्दल माझ्याकडे होतं ते शाळेच्या पुस्तकातलं एक पान आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरची एक घोषणा. एका संस्थेला फोनवरच्या कामासाठी माणूस हवा होता. एचआयव्हीसह जगणारी अठरा ते चोवीस वयाची मुलंमुली, आठवड्याला एक फोन, असे आठ-दहा फोन. उद्देश, 'कलंकभावना कमी करणे'. हा शब्द मी त्याआधी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या मुलांच्या तोंडूनही कधी ऐकला नाही. ती म्हणतात 'आपलं ते', 'तसलं'. एकमेकांबद्दल बोलताना म्हणतात 'आपल्यातला'. आमच्याकडे 'आपल्यातला हाय का?' हा प्रश्न माणसाची जात काढण्यासाठी विचारतात. त्या शब्दाला असाही एक अर्थ असेल हे मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ताईंनी आकडे सांगितले. देशात साधारण २४ लाख लोक एचआयव्हीसह जगतात, हा २०२१ चा सरकारी अंदाज. त्यात सगळ्यांत जास्त महाराष्ट्रात, चार लाखांच्या आतबाहेर. मी म्हटलं, "चार लाख, आणि मी त्यातल्या एकालाही ओळखत नाही." ताई म्हणाल्या, "ओळखत असशील की. त्यांनी तुला सांगितलं नसेल."

आता पहिल्या चुकीबद्दल. म्हणजे वाक्य वाचण्याच्या चुकीनंतरची पहिली.

१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. नवीन नोकरी, उत्साह उतू चाललेला, म्हणून मी व्हॉट्सॲपवर स्वतःच्या फोटोच्या जागी लाल रिबीन लावली. कामाचा नंबर आणि रिबीनवाला नंबर एकच. शिवाय अनोळखी नंबर आला की त्याचं नाव दाखवणारी ॲप्स असतात. ती नाव कुठून आणतात, तर लोकांच्या फोनमध्ये तो नंबर ज्या नावानं ठेवलेला असतो तिथून. कुणीतरी भल्या माणसानं माझा नंबर 'एड्सवाल्या मॅडम' असा ठेवला होता. मी फोन लावायची तेव्हा काही जणांच्या पडद्यावर, कंपनीत, मेसमध्ये, चुलत्यांच्या हातात असलेल्या मोबाइलवर, तीच अक्षरं उमटत होती. मी इकडे हळू आवाजात विचारतेय, "तुम्ही एकटे आहात का?" आणि तिकडे माझ्याआधीच माझी जाहिरात पोचलेली.

हे मला एका मुलीनं सांगितलं. चिडून नाही. म्हणाली, "ताई, तुमचं नाव बदलून घ्या. मी तुमचा नंबर 'झेरॉक्स' म्हणून ठेवलाय." त्या दिवशी मी रिबीन काढली, ताईंनी कामासाठी वेगळं सिमकार्ड दिलं, आणि पुढे प्रत्येकाला पहिल्याच फोनवर विचारायला लागले, माझं नाव काय ठेवाल? एकानं 'पीएफ ऑफिस' ठेवलं, एकानं 'गॅस बुकिंग'. एकानं 'मावशी' ठेवलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची असल्याचं त्याला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

खडखडाटवाल्याकडे परत येते. त्याचं नाव घेणार नाही, ओळखू येईल असं बाकीचंही काही सांगत नाही. तो इचलकरंजीत मागावर आहे, एवढं सांगायला हरकत नाही. तिथं हजारो जण मागावर आहेत. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी त्या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाला शांतता अशी फार मिळालेली नाही. ज्यांनी पॉवरलूमची शेड आतून ऐकली नसेल त्यांना सांगून कळणार नाही. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, तिकडून इकडे. असे पंधरा-वीस माग एकदम. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. मागवाले खुणांनी बोलतात. कांड्या संपल्या, धागा तुटला, चहा आला, सगळं हातानं.

मला फोनवर त्याचं तिसरं वाक्य ऐकू येत नसे. मी दर वेळी म्हणायची, "जरा शांत जागी जाता का?" प्रशिक्षणाच्या पुस्तकात तसंच आहे: निवांत, खासगी जागा निवडायला अशिलाला मदत करावी. अशील म्हणजे क्लायंट. आमच्या कागदावर हाच शब्द आहे, मला दर वेळी त्यामुळे कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं. तो बिचारा बाहेर जायचा, शेडमागच्या बोळात. आणि गप्प. मी विचारायची, तो "हूं" म्हणायचा. "बरं", "व्हय", "न्हाई". तीन फोन असेच गेले. माझ्या नोंदीत मी लिहिलं, 'सहभाग कमी. विषय टाळतो.'

चौथ्या वेळी बाहेर पाऊस होता म्हणून तो शेडमध्येच थांबला. आणि बोलायला लागला. ओरडून. मी फोन कानापासून चार बोटं लांब धरून ऐकत होते. वडील ट्रकवर होते ते, आई कशी गेली ते, पहिली गोळी कधी घेतली ते, सगळं त्या मागांच्या वरच्या पट्टीत. मी शेवटी विचारलं, "अहो, कुणी ऐकेल ना?"

"हितं कोण ऐकतंय मॅडम? बोळात समदं ऐकू जातंय. वर मालकाच्या घराची खिडकी हाय."

पंधरा माग चालू असलेली शेड ही त्याची निवांत, खासगी जागा होती. मी तीन आठवडे त्याला तिथून उठवून खिडकीखाली नेऊन उभा करत होते. नोंदवहीतली ती ओळ मी खोडली.

त्याचा जन्म २००२ चा. हे ऐकल्यावर मी मनात हिशेब मांडला, आणि नंतर प्रत्येकाच्या बाबतीत मांडायची सवयच लागली. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांतून एचआयव्हीची औषधं मोफत मिळायला लागली १ एप्रिल २००४ पासून, तीही सुरुवातीला मोजक्याच ठिकाणी. तीन वर्षं आधी, २००१ मध्ये, सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा खर्च साडेतीनशे डॉलरवर आणला म्हणून जगभर खळबळ झाली होती. पण दिवसाला एक डॉलर ही स्वस्ताई त्या काळात ट्रकवरच्या माणसाला कुठली परवडायला? त्याचे वडील २००४ च्या फेब्रुवारीत गेले. मी त्याला तारखेचं सांगितलं नाही. त्याला ते माहीत होतं. तोच म्हणाला, "दोन म्हयनं काढायला पायजे होतं ओ त्येंनी."

आता ही पिढी वीस-बावीस वर्षांची झालीय. आईच्या पोटातूनच विषाणू घेऊन आलेली, औषधं आली म्हणून राहिलेली, आणि बहुतेकांना आजी किंवा मामानं वाढवलेलं. लहानपणी गोळी कसली तर 'रक्तवाढीची', 'दम्याची', 'शक्तीची'. खरं कुणी बसवून सांगितलं असेल तर नशीब. एक मुलगी म्हणाली की तिला भिंतीनं सांगितलं. दवाखान्यात रांगेत बसून बसून ती समोरचं पोस्टर वाचायची, आणि पाचवीत इंग्रजी नीट वाचता यायला लागल्यावर पोस्टरवरचं औषधाचं नाव आणि आपल्या बाटलीवरचं नाव एकच आहे हे तिच्या लक्षात आलं. घरी आल्यावर ती कुणाला काही बोलली नाही. घरचे पुढं चार वर्षं तिच्यापासून लपवत राहिले, आणि ती घरच्यांपासून लपवत राहिली की तिला माहीत आहे.

ही तीच 'झेरॉक्स'वाली. शहरात हॉस्टेलला राहते, फोन गच्चीवर टाकीमागून. आमच्या भागातल्या पुष्कळ बायका बोलताना 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. ही पण तशीच. मला त्यात काही वाटलं नाही, मी घरी तशीच बोलते. पण तिचे शब्द जसेच्या तसे नोंदीत उतरवले तर नोंदी तपासणाऱ्यांचा पुण्याहून लाल शेरा आला: 'अशील स्त्री की पुरुष? नोंद तपासावी.' आम्ही दोघी त्यावर इतकं हसलो की त्या दिवसाचं समुपदेशन तिथंच संपलं. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तेच समुपदेशन."

तिनं मला बाटलीचं गणित शिकवलं. महिन्याच्या तीस गोळ्या प्लास्टिकच्या बाटलीत येतात. आताची गोळी एकच, दिवसातून एकदा, तीन औषधं तिच्यातच, टीएलडी म्हणतात. आधीच्या गोळ्यांनी रात्री चक्कर यायची, चमत्कारिक स्वप्नं पडायची, तेही आता फारसं नाही. औषध म्हणून तक्रारीला जागा कमीच. तक्रार आहे ती आवाजाची. बाटली बॅगेत असली की खुळखुळते. हॉस्टेलच्या खोलीत चौघी, आणि खुळखुळा. म्हणून आधी लेबल पाण्यात भिजवून सोलून काढायचं, मग आत कापसाचा बोळा दाबून बसवायचा. रोज गोळी काढताना बोळा काढा, परत बसवा. "थायरॉइडची गोळी हाय म्हणून सांगितलंय," ती म्हणाली, "पण थायरॉइडच्या गोळीला कोण कापूस लावतं का? म्हणून कापसाचंबी कारण तयार ठेवलंय. दमट हवेत गोळी खराब होते म्हणायचं." एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं, दुसऱ्याला तिसरं, आणि सगळं लक्षात ठेवायचं.

तिची व्हायरल लोडची तपासणी झाली होती. रिपोर्टवर लिहून आलं, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. म्हणजे रक्तात विषाणू यंत्राला सापडेल इतकाही नाही. तिनं विचारलं, "मग मी बरा झालो का?" मी सांगितलं, नाही, गोळी सोडली तर तो परत वर येतो; पण गोळी रोज चालू असेल आणि विषाणू असा सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. जगभर मोठे अभ्यास झालेत यावर, हजार-हजार जोडप्यांचे. सापडत नाही, म्हणून पसरत नाही.

ती गप्प. मला वाटलं आनंदानं गप्प झाली असेल. काही वेळानं म्हणाली, "हे तुम्ही माझ्या मामीला सांगाल का? ती माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घालते."

टॉवेलनं काही होत नाही हे तर पस्तीस-चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. १९८६ साली चेन्नईत भारतातले पहिले रुग्ण सापडले, त्याही आधीपासून. मामीलाही ठाऊक असणार. टीव्हीवर किती वेळा सांगून झालंय. माझ्या हातातली माहिती एकदम जड आणि निरुपयोगी वाटायला लागली, जसं भर पावसात कुणाला छत्रीचं कॅटलॉग द्यावं.

पुस्तकातला पाचवा टप्पा: स्वतःबद्दल मनात येणारे विचार वहीत लिहून काढणे. डाव्या बाजूला विचार, उजव्या बाजूला 'हे खरं आहे का?' पद्धत चांगली आहे, मी स्वतः करून पाहिली. मागवाल्याला सांगितलं. पुढच्या फोनवर विचारलं, लिहिलं का? तो म्हणाला, वही कुठं ठेवू?

एका खोलीत तो, बहीण, आणि गावाकडून आलेला चुलतभाऊ. बहिणीला त्याचं माहीत नाही. ती आईच्या पोटात असताना वडील गेले. तिला लागण नाही. तिचं लग्न ठरायचंय आणि त्याच्या डोक्यात एकच हिशेब आहे, 'माझं कळलं तर तिचं मोडंल.' तो सांगलीला जातो गोळ्या आणायला. जवळच्या केंद्राच्या रांगेत गावातलं कुणी दिसेल म्हणून सांगलीच्या सिव्हिलला. एक खाडा, वर जाण्यायेण्याचं भाडं. अशा माणसाला मी वही लिहायला सांगत होते.

पण लिहिलं त्यानं. मागावरच्या कापडावर, खडूनं. तागा उतरवायच्या आधी शेवटच्या हातभर कापडावर त्यानं काहीतरी लिहिलं. "काय लिहिलं?" "ते न्हाई सांगत." "मग ते कापड?" "गेलं की प्रोसेसला. धुऊन निघालं असंल."

हे कुठल्या टप्प्यात बसवायचं ते मला कळलं नाही. मी नोंदीत लिहिलं, 'गृहपाठ पूर्ण.'

आजी वारली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. बहीण आठवीत. शाळा बदलायची होती तर पालकाची सही पाहिजे म्हणाले. चुलत्यानं सही दिली, पण त्या बदल्यात घराच्या उताऱ्यावर आपलं नाव चढवून घेतलं. त्यानं हे इतकं सहज सांगितलं की मी पुढच्या प्रश्नाकडे जाणार होते. मग आठवलं. प्रशिक्षणात कायद्याचं एक सत्र होतं, जेवणानंतरचं, मी अर्धी पेंगत होते. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७. लागू झाला १० सप्टेंबर २०१८. नोकरी, शाळा, भाड्याचं घर, दवाखाना, कुठंही भेदभाव करता येत नाही, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, कुणाची लागण उघड करता येत नाही, हे सगळे सांगतात. पण त्यात एक विलक्षण कलम आहे. घरात एचआयव्ही असेल आणि बारा ते अठरा वयाचं समजूतदार पोरच घर चालवत असेल, तर ते धाकट्या भावंडाचं पालक म्हणून चालतं. शाळाप्रवेशाला, बँकेच्या खात्याला, दवाखान्याला, मालमत्तेच्या कामाला. कायदा लिहिणाऱ्यांनी कुठंतरी अशी पोरं बघितली असणार, त्याशिवाय हे सुचत नाही.

मी त्याला विचारलं, शाळेचं नेमकं कधी घडलं? दिवाळीच्या सुट्टीनंतर, म्हणाला. २०१८ ची दिवाळी. नोव्हेंबर.

या वेळी मी सांगितलं. चूक केली की बरोबर, अजून ठरलेलं नाही. बराच वेळ नुसते माग ऐकू येत राहिले. मग तो म्हणाला, "म्हंजे माझी सही चालली असती."

"हो."

"बापाला दोन म्हयनं आधी, मला दोन म्हयनं उशिरा." आणि हसला. मला वाटतं हसला. त्या आवाजात नक्की सांगता येत नाही.

फोनचं काम मुळात कोविडनं वाढवलं. २०२० च्या टाळेबंदीत केंद्रांनी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या आणि समुपदेशक घरून फोन लावत राहिले. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन त्याआधीपासून आहे, २०१४ पासून. पण तिथं आपण लावायचा असतो, आणि जो लपून बसलाय तो लावत नाही. केंद्राच्या दरवाज्यातून आत जाताना कुणी पाहील ही भीती फोननं जाते, हे खरंच. माझी शंका वेगळी आहे आणि ती मी ताईंना एकदा चहा पिताना विचारली. आपण लाज कमी करतोय की लपण्याची सोय वाढवतोय? ताई म्हणाल्या, "आधी सोय तर करू. तू फार पुस्तकं वाचतेस." वाचत नाही खरं तर.

एकदा आम्ही सहा जणांना एकत्र बोलावलं, व्हिडिओ कॉलवर, कॅमेरे बंद, नावं खोटी. पडद्यावर सहा काळे चौकोन: तांबडा, पांढरा, रंकाळा, वडाप, मिसळ आणि 'नेटवर्क नाही'. शेवटचं नाव आहे हे कळायला मला दहा मिनिटं लागली, तोवर मी त्याला सारखी "आवाज येतोय का?" विचारत होते. गप्पा बऱ्या चालल्या होत्या. कुणी लग्नाचं विचारलं, कुणी पोलीस भरतीचं. आणि मध्येच 'मिसळ' म्हणाली, "वडाप, तू सीपीआर दवाखान्यात लहानपणी खिडकीच्या कट्ट्यावर बसायचास का? आजोबा फेटेवाले?" शांतता. मग 'वडाप'चा चौकोन पडद्यावरून गेला. पुन्हा आला नाही. मी नंतर चार वेळा फोन लावला, उचलला नाही. 'मिसळ' रडत होती; तिला इतक्या वर्षांनी कुणीतरी ओळखीचं भेटल्याचा आनंद झाला होता, बाकी काही नाही. ते दोघं सात-आठ वर्षं महिन्यातून एकदा एकाच बाकड्यावर बसले होते आणि एकमेकांचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

घरी मी काय सांगितलं होतं ते राहिलंच. आरोग्याचा सर्व्हे. फोनवर लोकांना विचारायचं, बीपी आहे का, शुगर आहे का. आईनं कधी जास्त विचारलं नाही. मग एक दिवस माझ्या बॅगेत छत्री शोधताना तिला प्रशिक्षणाचं पुस्तक सापडलं. संध्याकाळी तिनं पोळ्या लाटता लाटता विचारलं, "फोनवरच असतंय न्हवं? भेटायला जायला लागत न्हाई ना?"

"नाही गं, फोनवरच," मी म्हटलं. घाईनं.

"मग हरकत न्हाई," आई म्हणाली, आणि पोळी उलटली.

मी ताटावर बसले. माझ्या त्या घाईचा घास काही गिळेना. आईला समजावायला लागणारी सगळी वाक्यं माझ्याकडे होती, पाठ होती. एकही बोलले नाही. भाजी चांगली झाली होती, तेवढं म्हटलं.

दुसऱ्याच आठवड्यात टाकीमागून 'झेरॉक्स'वालीनं मला विचारलं, "ताई, तुम्ही घरी काय सांगता, कुठं काम करताय म्हणून?" असा प्रश्न आला तर तो हळुवारपणे अशिलाकडे परत वळवावा, असं पुस्तकात आहे. मला वळवता आला नाही. म्हटलं, "सर्व्हे."

ती इतकी जोरात हसली की कुणी वर येईल की काय असं मला वाटलं. "म्हणजे तुमच्या बाटलीतबी कापूस हाय."

त्या दिवसापासून ती मला अगं-तुगं करते. नोंदीत मी हे लिहिलेलं नाही.

मागवाल्याचा नववा फोन परवा झाला. ठरलेली वेळ साडेअकरा, दिवसपाळी, चहाच्या आधी. त्यानं उचलला तोच ओरडत. सांगलीहून व्हायरल लोडचा रिपोर्ट आला होता. मला आधी काही कळेना, खडखडाटातून नुसते तुकडे येत होते. "रिपोर्ट" कळलं. "कागद" कळलं. मी ओरडले, "काय लिहिलंय त्यावर?" आमच्या ऑफिसात समुपदेशक ओरडते हे दृश्य नवं होतं, ताई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, इषाणू..." खडखड, खडखड, "...सापडला न्हाई! सापडला न्हाईऽऽ!"

आणि नेमकी तेव्हाच तिकडे लाईट गेली.

पंधरा माग एकदम थांबल्यावर जी शांतता पडते ती मी पहिल्यांदा ऐकली. फोनमधून. त्याचं 'न्हाईऽऽ' तेवढं शेडभर घुमत राहिलं. मी श्वास रोखून उभी. कुणीतरी लांबून विचारलं, अगदी स्वच्छ ऐकू आलं, "काय सापडंना रं?"

एक क्षण गेला. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगू नको, सांगू नको, सांगू नको.

"पाना," तो म्हणाला. "पाना सापडंना."

मला हायसं वाटलं. इतकं की खुर्चीत बसावं लागलं. नऊ आठवडे मी ज्यासाठी पगार घेत होते त्याच्या बरोबर उलट घडलं होतं आणि माझे हातपाय सैल पडले होते.

तो फोन बंद करायला विसरला होता, की मुद्दाम चालू ठेवला होता कोण जाणे. पलीकडे चपलांचे आवाज, मोबाइलची बॅटरी लावा रे कुणीतरी, मागाखाली बघ, परवा पण असाच गेला होता. चार-पाच जण अंधारात त्याचा पाना शोधत होते. ताई दारातून खुणेनं विचारत होत्या, काय झालं? मी हात हलवून थांबा म्हटलं. बरीच शोधाशोध झाली. मग एक म्हातारा आवाज आला.

"आरं, ह्यो काय. तुझ्या खिशातच हाय की."